वच्छलाबाईच्या घरचा उपास

आठ दिवस झाले होते. वच्छलाबाईनं सकाळी उठल्या उठल्या कॅलेंडरवर आठवी फुली मारली आणि पेन हातात धरून ती तिथंच उभी राहिली. अजून तेरा दिवस शांताला काही खायला द्यायचं नव्हतं. पोरानं तसं लिहून ठेवलं होतं. पण आठ दिवसांचा उपाशी जीव भिंतीपलीकडं पडून असताना आपल्या घशाखाली चहा कसा उतरवायचा, ते काही त्यानं लिहिलं नव्हतं.

शांता म्हणजे साप. बोआ कन्स्ट्रिक्टर जातीची मादी, साडेपाच फूट लांब, अंगावर तपकिरी पट्टे आणि शेपटीकडं विटेसारखा लाल रंग. या जातीला विष नसतं. मूळ मुलूख सातासमुद्रापलीकडचा, पण ही जन्मली होती पाळणाऱ्याच्या घरातच. वच्छलाबाईचा मुलगा हर्षदीप हैदराबादला नोकरीला होता, त्यानं तिला पाच वर्षं सांभाळली होती. कंपनीनं त्याला चार महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा दसऱ्यानंतरच्या रविवारी तो काचेचं दार असलेली लाकडी पेटी गाडीत घालून इचोड्याला, आईवडिलांच्या घरी आला.

"हे काय आणलं बापा?" रामाजी, म्हणजे त्याचे वडील, उंबऱ्यातच अडले.

"चार महिन्यांचा सवाल हाय, बाबा."

"चार महिने? मी चार मिनिटं थांबत नाई या घरात."

पण ते थांबले. रामाजी मंडळ कार्यालयात, म्हणजे तालुक्याच्या सरकारी कचेरीत, अटेंडर होते आणि त्यांचा माणसापेक्षा कागदावर विश्वास जास्त. "दाखला हाय का हिचा?" त्यांनी विचारलं. हर्षदीपनं सरकारी नोंदणीचा कागद काढून दिला. रामाजींनी तो दोनदा वाचला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एक शर्टाच्या खिशात ठेवून दिली. त्या दिवसापासून कोणी सापाबद्दल विचारलं की ते खिशातून कागद काढून दाखवत. त्या खोलीत मात्र त्यांनी पाय टाकला नाही. सापाच्या खाण्यासाठी हर्षदीपनं एक छोटा जुना फ्रिजही आणला होता, कारण घरच्या फ्रिजात उंदीर ठेवले तर आपण शाळेच्या व्हरांड्यात जाऊन राहू, असं रामाजींनी जाहीर केलं होतं.

शेजारची बयनाबाई बघायला आली ती पदर तोंडावर धरूनच. तिचं माहेर वांकिडीकडचं, घरची शेती, दारात बैलजोडी. जन्मभर तिनं साप बघितले होते ते काठीच्या टोकाशी.

"अवं माय, हे तं परड दिसते व!"

"परड नाई, घोणसबिणस नाई. बिनविषाचं हाय. चावत नाई, फुत्कारत नाई."

"नाव काय ठेवलं?"

"शांता."

बयनाबाईनं पदर खाली केला. "माह्या सासूचं नाव शांता. पण ती अशी गप कधी बसली नाई."

खरंच गप होती ती. पंधरा दिवसांनी वच्छलाबाईनं धीर करून तिला हातात घेतलं, तेव्हा तिला वाटलं होतं की अंग ओलं, बुळबुळीत लागेल. लागलं कोरडं आणि गार, मण्यांच्या माळेसारखं. शांतानं घाई केली नाही. आधी जीभ काढून मनगट चाचपलं, मग सावकाश एक वेढा, मग दुसरा, आणि नाला ओलांडताना लेकरू जसं आईचा दंड धरतं तशी ती धरून बसली. आवळणं नाही, ओढणं नाही. दुपारी शाळेतून आल्यावर वच्छलाबाई तिला मांडीवर घेऊन बसू लागली. नंतर साबणानं हात धुऊन मगच चुलीशी जायचं, हेही पोरानं लिहिलं होतं आणि ते ती पाळत होती.

सगळं पाळत होती. अडत होतं ते खाण्यापाशी.

त्याला कारण होतं. वच्छलाबाई बावीस वर्षं शाळेत दुपारचं जेवण रांधत होती. रोजचा दीडशे पोरांचा भात, वरण, आठवड्यातून तीन वेळा अंडं. पोरगं ताट घेऊन उठायला लागलं की हिचा डाव त्याच्या ताटावर हजर. "घे, घे अजून. एवढ्यानं काय होते?" पोरांनी नको नको म्हणावं आणि हिनं वाढावं. तिची आई चंद्रभागा दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. वच्छला शाळेत जायची ती कितीतरी वेळा पाणी पिऊन. नको म्हणणाऱ्याला खरंच नको असतं, यावर तिचा विश्वास बसायचाच नाही. पाहुण्याला आग्रह केला नाही तर तो उपाशी उठतो, हे तिचं साधं गणित.

आणि या पाहुणीला एकवीस दिवसांतून एकदा, एकच उंदीर.

पहिल्या जेवणाच्या वेळी हर्षदीप फोनवर व्हिडिओतून बघत होता. गोठवलेला पांढरा उंदीर गरम पाण्यात ठेवून नरम केलेला, लांब चिमट्यात धरलेला. "हात पुढं नको करू आई, वास आला तर तिला हात कोणता आन् उंदीर कोणता ते समजत नाई." पेटीचं दार सरकलं. महिनाभर गरिबासारखी वागणारी शांता मान मागं घेऊन इंग्रजी एससारखी झाली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चिमटा रिकामा. मेलेल्या उंदरालाही तिनं तीन वेढे घालून आवळलं. मग जिभेनं चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि डोक्याकडून, एकेक इंच, वीस मिनिटं गिळत राहिली. शेवटी मोठी जांभई देऊन जबडा जागेवर बसवला.

"एवढी सोज्वळ बाई," वच्छलाबाई म्हणाली, "आन् जेवाची अशी घाई!"

पण तिच्या पोटात सुख दाटलं होतं. ताट चाटूनपुसून जेवणारा माणूस समोर बसला की वाढणाऱ्याला जे होतं, तेच. ते सुख पुन्हा मिळायला एकवीस दिवस. आता दुसऱ्या खेपेचे आठ झाले होते, आणि वच्छलाबाईचं चित्त कशात लागत नव्हतं. भात चढवताना मनात शांता, भाजी निवडताना शांता. घरी आली की चप्पल काढायच्या आधी पेटीपाशी.

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला आणि थंडीनं दात दाखवले. सकाळी पारा सहावर. हायवेवरचे ट्रकवाले धाब्यापुढं टायर पेटवून हात शेकत उभे राहू लागले. शांताच्या पेटीच्या एका बाजूला खालून तापणारी पट्टी होती, तिथं बत्तीस अंश राहायला हवेत असं हर्षदीपचं सांगणं. थर्मामीटरचा आकडा कधी अठ्ठावीस दाखवी, कधी सव्वीस. शांता पेटीतली बसायची फांदी सोडून काचेपाशी आली. नाक काचेला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, परत यायची. दुपारभर तेच.

"पाह्य व कशी तोंड घासून राह्यली," वच्छलाबाईनं बयनाबाईला बोलावून दाखवलं. "भूक लागली तिले."

"लागनच. थंडी किती पडली." बयनाबाई आता पेटीपासून दोन हातांवर उभी राहण्याइतकी धीट झाली होती. "आमी बैलायले काय करतो? या दिवसांत सरकीची ढेप वाढवतो. एक शेर असली तं दीड शेर. पोटात आग पायजेन, तवा अंग तग धरते. तुह्या घरचं जनावर जनावर नोय का?"

"पोरगा नाई म्हणते."

"पोरगा जर्मनीत हिटरपाशी बसला हाय. त्याले काय समजते इचोड्याची थंडी?"

हे वच्छलाबाईला अगदी पटलं. ज्याला थंडी त्याला खुराक. तिनं स्वतः हर्षदीपला दर हिवाळ्यात डिंकाचे लाडू घालून वाढवलं होतं. बाराव्या दिवशी शाळेतून येऊन तिनं छोटा फ्रिज उघडला आणि त्यातला सगळ्यात मोठा उंदीर निवडला. गरम पाण्यात टाकला. रामाजींनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "आज काऊन? आज तं बारावा दिवस."

"तुमी तुमचं दफ्तर सांभाळा."

शांतानं तो उंदीर घेतला. पहिल्यासारखीच झडप, पहिल्यासारखेच वेढे, पण गिळायला या वेळी चाळीस मिनिटं लागली. मधोमध अंग तांब्याएवढं फुगलं. वच्छलाबाई समोर पाट टाकून बसून होती. महिनाभरात पहिल्यांदा त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लाइन दुरुस्तीसाठी करंट गेला. आला तो संध्याकाळी चारला. ती शाळेत, रामाजी कार्यालयात. पेटीतली पट्टी आठ तास गार पडून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडताच वास आला. तिनं लाइट लावला. कागदावर उंदीर पडला होता, अर्धवट विरघळलेला, केस निघालेला, आणि शांता पाण्याच्या भांड्यामागं अंगाचं वेटोळं करून तोंड लपवून बसली होती.

वच्छलाबाईनं नाकाला पदर लावून सगळं काढलं, धुतलं, कोरडा कागद घातला. जेवलेलं अन्न बाहेर आलं म्हणजे पोट रिकामं झालं, आणि पोट रिकामं म्हणजे आधीपेक्षा जास्त भूक. तिच्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

संध्याकाळी साडेसहाला हर्षदीपचा रोजचा फोन आला.

"शांता बरी हाय ना?"

"बरी हाय."

"अन् तू?"

"मले काय धाड भरली?"

फोन ठेवला आणि ती उठून अंगणात गेली, परत आली, परत गेली. पोराशी ती आजवर खोटं बोलली नव्हती असं नाही. ताप असला तरी बरी हाय म्हणायची. पण ते स्वतःबद्दल असायचं. हे त्यानं सोपवलेल्या जिवाबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा उंदीर काढला. झालेली तूट भरून काढायची होती. चिमट्यात धरून दार सरकवलं. शांतानं मान उचलली नाही. तिनं उंदीर नाकापाशी हलवला. एकदा, दोनदा. "घे व. थोडंसं घे." जीभ एकदाच बाहेर आली आणि आत गेली. कातडी कडेला सैल पडली होती, दोन दिवसांत. वच्छलाबाई चिमटा आणखी पुढं नेणार, तोच मागून आवाज आला.

"थांब."

रामाजी खोलीच्या दारात होते. उंबऱ्याच्या बाहेर, पण दारात.

"तिले नको हाय, दिसत नाई का तुले? पोराले फोन कर."

"काय तोंडानं करू? म्या काल बरी हाय म्हटलं."

"दरखास्त ज्याच्या टेबलावर जायची त्याच्याच टेबलावर जाते. इकडे तिकडे फिरवली तं फाईल मरते, वच्छला. मी तीस वर्षं पाह्यलं."

तिनं फोन केला. तिकडं पोरगा कामात असणार, तरी केला. एका दमात सगळं सांगून टाकलं. बारावा दिवस, मोठा उंदीर, करंट, उलटी, कालचं खोटं.

"आई, आता हातात काय हाय तुह्या?"

"चिमटा."

"ठेव खाली. आधी ठेव." मग तो सावकाश बोलू लागला, जणू तिच्याऐवजी स्वतःलाच समजावत होता. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब मिळाली तरच पोटातलं पचतं, नाही तर आतल्या आत सडतं, म्हणून तो बाहेर टाकतो. ती काचेला नाक घासत होती ती भुकेनं नाही, ऊब शोधत होती. उलटीत पोटातला पाचकरसही जातो. तो परत तयार व्हायला वेळ लागतो. "आता एकवीस दिवस काही म्हणजे काही द्यायचं नाई. फक्त पाणी. आन् ऊब. मग उंदराचं एक पिल्लू, बोटाएवढं."

"अरे, पोट रिकामं हाय तिचं! पाचव्या दिवसालाच मरन ती!"

"उपाशी राहून नाई मरत, आई. महिने काढते ती. पण आता दिलं आन् दुसऱ्यांदा उलटी झाली, तं मग माह्या हातात काई नाई. तुह्याही नाई." तो थांबला. "तू दिल्यानं मरन ती. न देता नाई."

रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

ते एकवीस दिवस वच्छलाबाईनं कसे काढले ते तिलाच माहीत. रामाजींनी कार्यालयातल्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला आणि पेटीभोवती तीन बाजूंनी गोधड्या गुंडाळल्या. गोधड्या त्यांनी स्वतः गुंडाळल्या, डोळे बाजूला करून. आकडा एकतीसच्या खाली गेला नाही. शांता ऊब लागलेल्या कोपऱ्यात पडून राहायची आणि वच्छलाबाई घरभर फिरायची. धुतलेली भांडी परत धुवायची. शाळेत वरणाला दोनदा मीठ पडलं. हेडमास्तरांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. ती हो म्हणाली आणि पुढं काही सांगितलं नाही.

छोटा फ्रिज तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर होता. आठव्या दिवशी तिनं त्याचं दार उघडलं, नुसतं बघितलं आणि लावलं. नवव्या दिवशी तिनं फ्रिजला कुलूप लावून किल्ली रामाजींकडं दिली.

"मी मागतली तरी देजा नका."

"लेखी दे," रामाजी म्हणाले.

"तुमाले मस्करी सुचून राह्यली?"

पण त्यांनी किल्ली कागदासोबत शर्टाच्या खिशात ठेवली, आणि चौदाव्या दिवशी तिनं खरंच मागितली तेव्हा दिली नाही. तिनं अबोला धरला. त्या रात्रीचं जेवण रामाजींनी स्वतः वाढून घेतलं.

बयनाबाई एकदा लाजत येऊन गेली. "माह्याच तोंडाचं पाप, बाई. बैलाचं माप म्या सापाले लावलं."

"वाढलं कोनं? म्या. तू कायले रडते?"

चार जानेवारीला, रविवारी, एकविसावा दिवस भरला. रामाजींनी किल्ली दिली. वच्छलाबाईनं सगळ्यात लहान पिल्लू काढलं, गरम केलं, चिमट्यात धरून दार सरकवलं. शांतानं मान उचलली. जीभ चार-पाच वेळा आत-बाहेर झाली. मान मागं गेली, आणि तशीच राहिली. झडप नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. "घे" हा शब्द वच्छलाबाईच्या ओठांवर आला होता.

तिनं तो गिळला. पिल्लू फांदीजवळ कागदावर ठेवलं, दार लावलं, काचेवर कापड सोडलं आणि खोलीबाहेर येऊन अंगणातल्या दगडावर बसली. आजारी जनावर लाजतं, कोणी बघत असलं तर खात नाही, हे हर्षदीपनं सांगितलं होतं. तासभर आत जायचं नव्हतं.

तासभर म्हणजे किती असतो ते तिला तेव्हा कळलं. ती उठली, बसली. अंगणातली कोंबडी हाकलली. बयनाबाईच्या गोठ्यापर्यंत जाऊन तशीच परत आली. दोनदा दारापर्यंत गेली आणि परतली.

"मी पाहू काय?" रामाजी म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. गोधड्या गुंडाळल्या तो एक दिवस सोडला, तर एवढ्या महिन्यांत त्यांनी त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नव्हता. "तुमी?"

"माह्याकडं पाहून ती कायले लाजन? मले ती वळखत नाई."

ते गेले. आतून कसलाही आवाज नाही. मग रामाजी बाहेर आले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, जानेवारीच्या थंडीत.

"कागदावर काई नाई," ते म्हणाले. "अन् ती माह्याकडं पाहून जांभई देते."

वच्छलाबाई दगडावरच बसून राहिली. हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना. आता पुढचे चार दिवस. चार दिवस अन्न पोटात टिकलं तर शांता वाचली. चार दिवस हात लावायचा नाही, हलवायचं नाही, दार उघडायचं ते फक्त पाण्यासाठी.

आठ तारखेला, गुरुवारी, ती शाळेतून आली. चप्पल काढली. हातपाय धुतले. चहा ठेवला आणि तो उभ्यानं न पिता बसून प्यायली. मग खोलीत गेली. कागद कोरडा होता. वास नव्हता. शांता फांदीवर चढून बसली होती, पहिल्यांदाच इतक्या दिवसांनी, आणि मान उचललेली होती. काचेमागून जीभ बाहेर आली, वच्छलाबाईच्या दिशेनं.

साडेसहाला फोन आला.

"राह्यलं तिच्या पोटात," ती म्हणाली.

पलीकडं पोरानं मोठा श्वास सोडला. "आता हातात घेतली तरी चालन, आई. एवढे दिवस झाले."

वच्छलाबाईनं खोलीच्या दाराकडं पाहिलं. हात शिवशिवत होते.

"राहू दे," ती म्हणाली. "आज ती निवांत बसली हाय."

आणि फोन ठेवून, सकाळीच झाडलेलं अंगण तिनं पुन्हा झाडायला घेतलं.